ताट थांबवायचं असतं

अण्णा,

तुला माती देऊन आज नववा दिवस. सकाळी समोरच्या काकूंनी फाटकाबाहेरूनच विचारलं, "तुमच्यात दहावं असतंय काय हो?" मी नाही म्हणालो. "मग तुमच्यात काय असतंय?" बाई मनानं चांगली आहे. तू गेलास त्या दिवशी चहाचं पातेलं तिनंच भरून आणलं होतं. पण ते "तुमच्यात" कानावर पडलं आणि तू आठवलास. आपण मराठीत जन्मलो, मराठीत भांडलो, तरी शेजारच्या मराठी माणसाला आपण "तुमच्यातले". चर्चमधल्या कानडी भावंडांना आपण "ते मराठीवाले". तू म्हणायचास, "आपुन कुणाच्यातच न्हाय रं सुध्या. आपुन मधल्यात. दोन्हीकडची धूळ आपल्याच घरात."

तर आमच्यात दहावं नसतं. आमच्यात महिन्याचा पहिला रविवार असतो, प्रभुभोजनाचा. तो उद्या आहे. म्हणून आज हे लिहायला बसलोय.

तुझं चांगलं चांगलं लिहिणार नाही. ते सगळं कबरस्तानात बोलून झालं. ज्यांनी तुला दोन वर्षांत एक कप चहा विचारला नाही, त्यांनीही बोलून घेतलं. मला तुझा राग होता. तो अजून आहे. माणूस गेला की राग जातो असं म्हणतात, ते म्हणणाऱ्यांचे भाऊ बहुतेक अजून जिवंत असावेत.

निपाणीतली आपली गल्ली आठवते? दोन्ही बाजूंना तंबाखूच्या वखारी, हवेत कायम खकाणा, आणि शिंका देत चर्चला जाणारी आपली वरात. तू तुझ्या सदऱ्याचं टोक माझ्या नाकावर धरायचास आणि स्वतः डोळे पुसत चालायचास. नाताळला तू बांबूच्या कामट्यांचा तारा करायचास, त्यावर रंग द्यायचास. तो रंग पुढं तुझं पोट झाला. आपण सगळे बेळगावात आल्यावर खडेबाजारच्या तोंडाला तुझी पाट्या रंगवायची खोली. ब्रशच्या एका झटक्यात वेलांटी काढायचास, मी बघत उभा राहायचो. मला दहावीला बसवलंस तू, नोकरीचा अर्ज तू भरलास, लग्नात माझ्यासाठी बूट तू आणलेस. हे सगळं मी विसरलेलो नाही. विसरलो असतो तर राग एवढा धरवला नसता.

मग दुकानांवर कानडी पाट्या लावायचा हुकूम निघाला. तुझा धंदा दुप्पट झाला. आठवडाभर तू मराठी पाट्यांवर पांढरा हात देऊन कानडी अक्षरं काढायचास, इतकी देखणी की कानडी मास्तर थांबून बघायचे. आणि एक नोव्हेंबरला, गावात कर्नाटक राज्योत्सवाचे झेंडे लागले की, दंडाला काळी फीत बांधून सीमाभागाच्या मोर्च्यात पुढं. मी चिडवायचो, "पोटासाठी कानडी आणि पाठीसाठी लाठी." तू हसायचास. आई मात्र हसायची नाही. दुसऱ्या दिवशी, मृतांच्या स्मरणदिनी, कबरींवर मेणबत्त्या लावायच्या असत, आदल्या दिवशी गवत काढायचं असे, आणि घरचा थोरला मोर्च्यात. मग संध्याकाळी तू यायचास, फीत न सोडताच खुरपं घ्यायचास आणि सगळ्यांच्या आधी बाबांची कबर साफ करायचास.

पहिल्यांदा लाठी चालली तेव्हा तू नुकता मिसरूड फुटलेला. तुझ्या डोक्यावर येणारी लाठी वडगावच्या परशरामानं हातावर घेतली. त्याचं मनगट वाकडं झालं ते कायमचं. हातमाग सुटला, पुढं दुसऱ्याच्या पॉवरलूमवर गेला. तेव्हापासून परशराम तुझा सख्ख्याहून सख्खा. नाताळचा फराळ आधी त्याच्याकडं जायचा, त्याच्या घरची पुरणपोळी आपल्याकडं. त्याचा पोरगा बाळू तुझ्या मांडीवर मोठा झाला, हे तू मला हजारदा सांगितलंस. मी बाळूला ओळखत नव्हतो. तुझ्या तोंडूनच ऐकलेलं नाव होतं ते.

मोर्च्यातल्या घोषणा बदलल्या तेव्हा तुला सांगितलं होतं मी. नवी पोरं आली, भाषेच्या घोषणेला धर्माची घोषणा चिकटली. तू तेवढ्यापुरता ओठ मिटायचास आणि पुढच्या घोषणेला परत हात वर. "पोरं हायत. त्यांला काय कळतंय?" असं तू म्हणायचास. अण्णा, त्यांना सगळं कळत होतं. कळत नव्हतं ते तुला.

दरम्यान आपल्या चर्चमध्ये धारवाडकडचे पाळकसाहेब आले. मराठी माणसं कमी झाली म्हणून कमिटीनं सकाळची मराठी उपासना बंद करून एकच उपासना ठेवली, बहुतेक कानडीत. त्या ठरावावर माझी सही होती. तू महिनाभर माझ्याशी बोलला नाहीस. बोललास तेव्हा म्हणालास, "प्रार्थना आईच्या भाषेत करायची असती. दुसऱ्या भाषेत केली की तिचा अर्ज हुतोय." मी म्हणालो, देवाला काय फरक पडतो? "देवाला न्हाय पडत. मला पडतोय." हे भांडण आपलं कधी मिटलंच नाही. आज सांगतो, तुझं बरोबर होतं. पण पाळकसाहेबांचा त्यात दोष नव्हता. तो बिचारा तुझ्या त्या एका वाक्यापायी मराठी शिकायला लागला. बालवाडीची पुस्तकं आणून, रोज संध्याकाळी, माझ्याकडं.

आणि मग ती दुपार. मार्थाआक्का, आपली मावसबहीण, ऑपरेशन होऊन पिरनवाडीला घरी आली होती. तिच्यासाठी प्रार्थना ठेवलेली. दहा-बारा माणसं, सगळी आपलीच, सतरंजीवर. तू कानडी पाळकाच्या प्रार्थनेला येणार नव्हतास, पण आक्कासाठी आलास आणि रुसल्यासारखा दारापाशी बसलास. बाहेर गाड्या थांबल्या. पंधरा-वीस पोरं. तू उठून दारात उभा राहिलास, आणि मला त्या क्षणी वाटलं, आता काय होत नाही, अण्णा आहे.

पुढचा पोरगा तुला बघून क्षणभर दचकला. मग म्हणाला, "काका, तुमी बाजूला सरा. तुमाला काय न्हाय."

आणि तू बाजूला सरलास.

पुढचं सांगत नाही. पाळकसाहेबांचा चष्मा कुणाच्या तरी पायाखाली गेला. त्यांचं उजवं मनगट मोडलं. आक्काच्या टाक्यांतून रक्त आलं. "बाटवाबाटवी करतायसा व्हय रं?" असं ते विचारत होते. आपलं घराणं किती पिढ्यांपासून बाटलेलं आहे हे त्यांना सांगायला पाहिजे होतं, पण तसा वेळ मिळाला नाही.

पोलीस ठाण्यात तुझ्या शेजारी मी बसलो होतो. साहेबानं तुला तीनदा विचारलं. यांच्यातल्या कुणाला ओळखता? दारात तर तुम्हीच होता. जन्मभर सरकारी माणसाशी मराठीतच बोलायचा हट्ट धरलेला तू. त्यापायी रेशनकार्ड सहा महिने अडलं तरी चालेल म्हणणारा. त्या दिवशी तू स्वच्छ कानडीत म्हणालास, "नंगं गोत्तिल्री साहेब." मला माहीत नाही. तीनदा विचारलं, तीनदा म्हणालास. पवित्र शास्त्रात शिष्य प्रभूला तीनदा नाकारतो, त्या जागी कोंबडा आरवतो. इथं साहेबाच्या फोनची रिंग वाजली आणि आपल्याला जायला सांगितलं.

बाहेर आल्यावर मी विचारलं, तो तुला काका म्हणाला तो कोण? तू चालत राहिलास. रिक्षास्टँडपाशी आल्यावर म्हणालास, "परशरामाचा बाळू." आणि मग, "त्याच्या बापाचं मनगट माज्यापायी मोडलंय, सुध्या."

एका मनगटासाठी तू दुसरं मनगट विसरलास, हे मी तुला तिथंच म्हणायला हवं होतं. म्हणालो नाही. ठाण्यातही परत गेलो नाही. आपल्या तक्रारीत "अनोळखी इसम" असं लिहिलं गेलं. त्या अनोळखी इसमांनी उलट तक्रार दिली, जबरदस्तीनं धर्म बदलतात म्हणून, आणि तीत मात्र पाळकसाहेबांचं नाव बापाच्या नावासकट होतं. खटला उभा राहिला तो त्यांच्यावर. दोन वर्षं तारखा चालल्यात. हात मोडलेला माणूस आरोपी, आणि मोडणारे अनोळखी.

तुझं वागणं मला पटलं नाही, पण एक मानतो. तू स्वतःला सोडलं नाहीस. आपल्या मंडळीतली रीत दुसऱ्यांना सांगून खरी वाटत नाही. प्रभुभोजनाच्या आधी पाळक म्हणतात, कुणाचं कुणाशी वाकडं असेल तर आधी ते सरळ करा. ज्याचं सरळ झालं नसेल तो उठून शेवटच्या बाकावर जाऊन बसतो. कुणी विचारत नाही. भाकरीचं ताट त्याच्यासमोर आलं की तो मान हलवतो, ताट पुढं जातं. पुढच्या महिन्यात बहुतेक जण परत आपापल्या बाकावर दिसतात. तू चोवीस महिने शेवटच्या बाकावर होतास. लोकांना वाटलं कानडी उपासनेचा रुसवा आहे. वहिनीलाही तसंच वाटलं.

ताट माझ्या हातात असायचं. बाबांच्या मागून ते काम माझ्याकडं आलं. तुला आठवतंय, बाबांनी मला काय शिकवलं होतं? "परतेक माणसाफुडं ताट थांबवायचं. त्यो घील न्हायतर मान हलवील, त्ये त्याचं आन् देवाचं. ताट आपलं न्हवं. आपुन नुसता हात." जमिनीच्या वादातून चुलता त्यांच्याशी अकरा वर्षं बोलत नव्हता, त्याच्याहीपुढं बाबा ताट घेऊन थांबायचे, तो वळून बघेपर्यंत. मीही तुझ्यापुढं थांबायचो. तू मान हलवायचास. खरं सांगू? मला बरं वाटायचं. पुढं वेदीपाशी पाळकसाहेब वाकड्या बसलेल्या मनगटानं भाकर उचलायचे, आणि मला वाटायचं, बघ. बघ आणि मान हलव.

या वर्षीचा एक नोव्हेंबर. त्याच आठवड्यात मी पाळकसाहेबांबरोबर कोर्टात जाऊन आलो होतो. दिवसभर पायरीवर बसून संध्याकाळी डिसेंबरची तारीख मिळाली. आणि मोबाईलवर मोर्च्याचा फोटो आला. काळी फीत, तू, आणि तुझ्या खांद्यावर हात टाकलेला एक दाढीवाला पोरगा. चेहरा मी ओळखला. दारातला. फोटो मोठा करून करून बघितला मी. तू त्याच्याकडं तोंड करून काहीतरी बोलत होतास. गुलुगुलू बोलताय, असं वाटलं मला. तळपायाची आग मस्तकात गेली.

लगेच आलेल्या रविवारी मी ताट घेऊन मागं मागं आलो. शेवटच्या बाकापाशी आलो. तू मान हलवली नाहीस. तू हात पुढं केलास.

मी थांबलो नाही.

अर्धं पाऊलही नाही. तुझा हात तसाच उघडा राहिला आणि मी पलीकडच्या रांगेत गेलो. मागून आपल्या मंडळीतला मार्कस द्राक्षरसाच्या पेल्यांचं ताट घेऊन येत होता. तो तुझ्यापुढं थांबला. भाकरीशिवाय पेला कसला? तू मान हलवलीस. कुणाच्या लक्षात आलं नाही. नेहमीसारखंच दिसलं असेल सगळ्यांना.

उपासना सुटल्यावर तू दाराबाहेर माझी वाट बघत होतास. रागावलेला दिसत नव्हतास. "सुध्या, भाकर कमी पडली काय रं आज?" म्हणालास. तू मला सुटायला वाट करून देत होतास, जशी लहानपणी माझ्या प्रत्येक चोरीला द्यायचास. मी म्हणालो, "न्हाय. लई उरलिया."

हे आपलं शेवटचं बोलणं. पुढं तीन आठवडे मी तुझ्याकडं आलो नाही आणि मग गुरुवारी पहाटे वहिनीचा फोन.

शुक्रवारी तुला पुरलं. तुझ्या मोर्च्यातले पुढारी आले नाहीत. एकानं तुझा काळी फीत बांधलेला फोटो टाकून "सीमालढ्याचा निष्ठावंत पाईक" असं लिहिलं. तुझा धर्म त्यात कुठंच आला नाही, बहुतेक चुकून. पाळकसाहेबांनी सगळा विधी मराठीत केला. "अण्णा आमची मोठी भाऊ होती," म्हणाले. दोन-तीन जण हसले. कबरीवरचा क्रूस अजून कोरा आहे. या कबरस्तानातल्या प्रत्येक क्रूसावर तू फुकटात नाव घातलंस, ज्याच्या-त्याच्या भाषेत, घरच्यांना विचारून. तुझ्यावर घालायला कुणी उरलं नाही.

माती लोटून झाल्यावर पाळकसाहेब माझ्याजवळ आले. त्यांना वाटलं मला माहीत असेल. त्या रविवारच्या आदल्या दिवशी, शनिवारी, तू त्यांच्या घरी गेला होतास. बाळूचं नाव सांगितलंस, बाजूला सरलास तेही, तीनदा खोटं बोललास तेही. कोर्टात उभा राहून सांगतो म्हणालास. तू खाली बसायला तयार नव्हतास, म्हणून तेही उभे राहिले. त्यांनी तुला मिठी मारली. "मी म्हटलं, अण्णा, उद्या या. उद्या भाकर घ्या. वकिलाला आपण डिसेंबरात भेटू, घाई नाही. उद्या भाकर घ्या." मग माझ्याकडं बघून म्हणाले, "घेतली ना? मी लांब होती, मला चष्म्यातून दिसलं नाही."

मी म्हणालो, "मला माहीत नाही."

कानडीत म्हणालो, अण्णा. त्यांना लवकर कळावं म्हणून असेल.

फाटकाबाहेर परशराम उभा होता, टोपी हातात घेऊन. आत या म्हटलं तर म्हणाला, "नगं. आत आलो म्हंजे आमच्या गल्लीत पुन्हा इचारत्यात." ज्या माणसानं तुझ्यासाठी लाठी अंगावर घेतली त्याला तुझ्या मातीला यायला गल्लीची परवानगी लागली. वाकड्या हातानं डोळे पुसत म्हणाला, "मोर्च्यात त्यानं बाळूला सांगितलंवतं. आता मी तुजं नाव सांगनार, तुज्या बापालाबी सांगून ठेव म्हनून. पोरगं खांदा धरून इनवत हुतं. ऐकलं न्हाय त्यानं." मग म्हणाला, "मला राग न्हाय आला. माज्या हाताचं त्यानं लई दीस वझं वागवलं. म्या कवा मागितलंवतं?"

म्हणजे तो फोटो त्या क्षणाचा होता. मी मोठा करून करून बघितला तो.

वहिनीला मी अजून काही सांगितलेलं नाही. पण सांगावं लागेल. डिसेंबरातली तारीख येत्या आठवड्यात आहे. "काका, तुमी बाजूला सरा" हे ऐकलेला आणि तो काका कोण, तो पोरगा कोण हे माहीत असलेला, पाळकसाहेबांच्या बाजूनं आता मी एकटा आहे. परशराम पोटच्या पोराविरुद्ध येणार नाही, त्यानं यावं असं मी म्हणणारही नाही. बाळूचं नाव घ्यायचं तर तुझं आधी घ्यावं लागेल. माझा भाऊ दारातून बाजूला सरला, आणि पोलिसांना खोटं बोलला. आणि साहेब विचारतील, दोन वर्षं तुम्ही कुठं होता? तू परशरामासाठी गप्प बसलास. मी तुझ्यासाठी गप्प बसलो, आणि दर महिन्याला त्याचा राग तुझ्यावरच काढला. दोघांनीही बिचाऱ्या धारवाडच्या माणसाला पायरीवर बसवून ठेवलं.

आज दुपारी मी मार्कसला सांगून आलो, उद्यापासून भाकरीचं ताट तू धर. त्यानं कारण विचारलं नाही. आमच्यात विचारत नाहीत.

उद्या मी तुझ्या जागेवर बसेन. मार्कस येईल, मी मान हलवीन. आठवड्यात कोर्टात जे सांगायचं ते सांगेन. तुझी बेअब्रू होईल, माझी होईल, वहिनी कदाचित माझं तोंड बघणार नाही. पाळकसाहेबांना त्या रविवारचंही सांगेन. मग पुढच्या महिन्यात, पहिल्या रविवारी, शेवटच्या बाकावरूनच हात पुढं करीन, तू केलास तसा.

मार्कसला ताट कसं धरायचं ते दाखवलं मी आज. वाकून, दोन्ही हातांनी. थांबायचं असतं, हे सांगायला मात्र तोंड उघडेना.